इम्प्लांटला चार वर्षं झाली, आता पंप कातडीला चिकटल्यासारखा वाटतोय. इतक्या उशिरा इन्फेक्शन होतं का?

निवांत_६१

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, लिहितोय पहिल्यांदाच, आणि तेही नवीन आयडी काढून, म्हणजे जुने दोस्त ओळख काढत बसणार नाहीत.

वय ६१, डायबेटिस पंधरा-सोळा वर्षांचा. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, तो व्हॅक्यूमचा पंप झाला, कशाचाच उपयोग होईना म्हणून चार वर्षांपूर्वी पेनाइल इम्प्लांट (ताठरता यावी म्हणून लिंगात बसवतात ते) बसवून घेतलं. तीन भागांचं, म्हणजे आत दोन नळ्या, अंडकोशात पंप आणि ओटीपोटात सलाईनची पिशवी. चार वर्षं एकदम झकास, तक्रार शून्य.

दोन महिन्यांपूर्वी दाताच्या मुळाशी पू झाला होता, रूट कॅनाल केलं. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी पंपाच्या जागी दुखायला लागलं. जोरात नाही, ठसठस. ताप नाही, लाली नाही, पू नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सात दिवस अँटिबायोटिक दिलं, बरं वाटलं, गोळ्या संपल्या आणि आठवड्यात परत तेच. आता परत सात दिवसांचा कोर्स चालू आहे. नवीन गोष्ट अशी की आधी पंप कातडीखाली इकडेतिकडे सहज सरकायचा, आता खालच्या बाजूला एका जागी कातडी त्याला धरून ठेवल्यासारखी वाटते, चिमटीत वेगळी येत नाही.

एवढ्या उशिरा इन्फेक्शन होऊ शकतं का? दातातून आलं असेल का? आणि कोणीतरी म्हणालं की इन्फेक्शन असेल तर सगळं काढून टाकतात, हे खरं आहे का? ज्या सर्जनने बसवलं त्यांच्याकडे अजून गेलो नाही, खरं सांगायचं तर तेच ऐकावं लागेल म्हणून जायचं टाळतोय.

चिमटा

चार वर्षांत वॉरंटी संपली वाटतं.

ओसरीवरचा

चिमट्या, माणूस त्रासात आहे रे, जरा दमानं घे.

निवांतराव, मला त्या इम्प्लांटचा अनुभव नाही पण माझा गुडघा बदललेला आहे. आमच्या हाडवाल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की शरीरात बाहेरची वस्तू आहे तोवर इन्फेक्शनची टांगती तलवार कायम, वर्षानुवर्षं, शक्यता कमी होत जाते पण शून्य होत नाही. तेव्हा उशिरा होतं का याचं उत्तर होय असंच वाटतं. जाणकार सांगतीलच.

पुनश्च_एकदा

लॉगिन करायला लावलंत राव. दोन वर्षांनी आलोय इथे.

तुमचा धागा वाचून माझीच गोष्ट कोणीतरी लिहिली की काय असं वाटलं. ऑपरेशननंतर चौदा महिन्यांनी असंच ठसठसायला लागलं. ताप नाही काही नाही. गोळ्या घेतल्या की बरं, बंद केल्या की परत, असं मी किती महिने काढले असतील? आठ! तीन वेगवेगळे डॉक्टर, पाच वेगवेगळी अँटिबायोटिकं, आणि प्रत्येक वेळी मी खूश की चला ह्या वेळी गेलं. बसवणाऱ्या सर्जनकडे जायचं टाळलं, कारण तुमचंच कारण. एक दिवस आंघोळ करताना बघतो तर कातडीवर गव्हाच्या दाण्याएवढं भोक आणि आतून पंपाचं प्लॅस्टिक दिसतंय. दुखत नव्हतं बरं का! तेच भयंकर होतं.

तेव्हा गेलो. सगळं काढलं. आतल्या उती खराब झाल्या होत्या म्हणून लगेच दुसरं बसवता आलं नाही. सहा महिने थांबायला सांगितलं आणि त्या सहा महिन्यांत आत जे व्रण धरतात ना, त्याबद्दल मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. दुसरं ऑपरेशन अवघड गेलं, नळ्या आधीपेक्षा लहान मापाच्या बसल्या. लांबी दोन बोटं गेली ती गेलीच. चालतंय सगळं, संसार चालू आहे, पण ते आठ महिने मी वाया घालवले नसते तर.. असो.

उद्या जा. परवा नको.

सौ_गप्प

मी पेशंटची बायको म्हणून लिहितेय. आमच्याकडे हे मी आधी ओळखलं, यांनी नाही. हे बसताना एका कुशीवर बसायला लागले होते, सायकल सोडली, विचारलं तर "काही नाही, पाठ धरलीय". पाठ कुठली! तब्बल दोन महिने लपवलं. मला सांगायची लाज आणि डॉक्टरांना सांगायची त्याहून लाज. ऑपरेशनच्या आधी दोघं मिळून सगळं ठरवलेलं होतं, मग आता कसली लाज हे मला आजवर कळलेलं नाही.

निवांत भाऊ, वहिनींना सांगितलंय का?

निवांत_६१

@ सौ_गप्प: नाही सांगितलं ताई. "पाठ धरलीय" वाचून हसू आलं, मी कंबर सांगितलीय.

@ पुनश्च_एकदा: तुमचा प्रतिसाद वाचून हातपाय गार पडले.

मूत्रमार्गस्थ

मी युरॉलॉजिस्ट आहे, पण इथे मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे निदान समजू नका. सविस्तर लिहितो, रविवार आहे.

इम्प्लांटचं इन्फेक्शन दोन जातीचं असतं असं ढोबळ समजा. एक तडकाफडकी येतं, पहिल्या काही आठवड्यांत, ताप, लाली, सूज, पू. त्यात स्टॅफ ऑरियस, ई कोलाय, सुडोमोनास असले दांडगट जंतू असतात. ते कोणालाही कळतं. दुसरं असतं चोरपावलांनी येणारं. कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी. ताप नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी नॉर्मल, सीआरपी (रक्तातला सुजेचा आकडा) सुद्धा कधी कधी जेमतेम वाढलेलं. नुसतं दुखणं. मधे बराच काळ काही नव्हतं आणि आता नव्याने दुखायला लागलं हे महत्त्वाचं. आणि पंप कातडीला चिकटणं. तुम्ही "चिमटीत कातडी वेगळी येत नाही" लिहिलंय ना, ते वाक्य माझ्या ओपीडीत कोणी बोललं तर मी त्याला त्याच दिवशी टेबलावर झोपवून तपासतो.

ह्या चोरपावली प्रकारात बहुतेक वेळा सापडतो स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस किंवा त्याची भावंडं. हा तुमच्या-माझ्या कातडीवर कायम राहणारा गरीब जंतू. ऑपरेशनच्या वेळी कितीही धुतलं तरी चार-दोन आत जातात आणि सिलिकॉनवर जाऊन बसतात. बसले की स्वतःभोवती चिकट थर विणतात, त्याला आम्ही बायोफिल्म म्हणतो. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरतं तसं समजा, वरून कितीही पाणी ओता, शेवाळ जागचं हलत नाही. थराच्या आत जंतू जवळजवळ झोपलेले असतात, आणि अँटिबायोटिक मारतं ते वाढणाऱ्या जंतूंना. म्हणून गोळ्यांनी थरातून बाहेर पडलेले मरतात, दुखणं थांबतं, पेशंट खूश. गोळ्या थांबल्या की थरातून नवी तुकडी बाहेर. तुमचं आणि पुनश्च यांचं "बरं वाटलं, परत तेच" हे ह्याच कारणाने.

आणखी एक गंमत सांगतो. २००४ मध्ये एक अभ्यास आला होता. इम्प्लांट बिघडलं म्हणून बदलायला आलेले पेशंट, इन्फेक्शनची कसलीही लक्षणं नाहीत, नुसता यांत्रिक बिघाड. काढलेल्या इम्प्लांटवरून कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) घेतलं तर ७० टक्के जणांत जंतू निघाले! म्हणजे जंतू असणं वेगळं आणि इन्फेक्शन होणं वेगळं. बहुतेकांचा जन्मभर शांततेचा तह असतो. काहींचा मोडतो. का मोडतो, ते प्रत्येक वेळी सांगता येत नाही.

दातातून रक्तावाटे येऊन बसणं, हेही होतं, त्याच्या केसेस १९८० च्या दशकापासून छापून आलेल्या आहेत, पण ते विरळ. तुमचं दातातून आलं की आधीपासून बसलेला पाहुणा जागा झाला हे लक्षणांवरून मी तरी सांगणार नाही, कल्चर सांगेल. आणि तुम्ही आत्ता जे अँटिबायोटिक घेताय त्याने ते कल्चरच बिघडणार आहे. म्हणून तिसरा कोर्स कोणाकडूनही न घेता सर्जनकडे जा. चालू कोर्स मधेच तोडायचा की पुरा करायचा तेही त्यांनाच फोन करून विचारा, इथे विचारू नका.

सगळं काढतात का? इन्फेक्शन पक्कं असेल तर हो, सगळेच भाग काढावे लागतात, पंप एकटा काढून चालत नाही कारण थर नळीवरून सगळीकडे पसरतो. पण काढलं म्हणजे संपलं असं नाही. त्यावर नंतर लिहितो, पेशंट आलाय. (रविवार असला तरी.)

गोळीबंद

डॉक्टरसाहेबांचा आदर ठेवून असहमत. सर्जन मंडळी सुरी हातात घेऊनच जन्माला येतात. मला इम्प्लांटनंतर इन्फेक्शन झालं होतं, जखमेतून पाणी यायचं, मला सुद्धा "काढावं लागेल" म्हणाले. मी दुसरीकडे गेलो, तिथे सव्वा महिना अँटिबायोटिक दिलं आणि आज पाच वर्षं झाली, टणाटण. तेव्हा निवांतरावांना उगाच घाबरवू नका.

मूत्रमार्गस्थ

@ गोळीबंद: किती दिवसांनी झालं होतं? आणि कुठला प्रकार बसवलाय?

गोळीबंद

तिसऱ्या आठवड्यात. वाकवायचं असतं ते, पंपवालं नाही.

मूत्रमार्गस्थ

मग तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी बरोबर केलं. ऑपरेशननंतर लगेच, जखमेपुरतं मर्यादित, ताप नाही, आत पू साचलेला नाही, अशा निवडक पेशंटमध्ये फक्त औषधांवर इम्प्लांट वाचवता येतं, गेल्या काही वर्षांत त्याचे चांगले अनुभव छापून आलेत आणि त्यात तुमच्यासारखी वाकवायची इम्प्लांटंच जास्त होती. तेव्हा तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण तिसऱ्या आठवड्यातली ओली जखम आणि चौथ्या वर्षी कातडीला चिकटलेला पंप ह्या दोन गोष्टी एका तागडीत घालू नका. सुरीबद्दल मात्र थोडंफार मान्य.

शब्दखोर

अवांतर: ह्याला मराठीत काय म्हणायचं? "शिश्नरोपण" म्हटलं की झाड लावल्यासारखं वाटतं आणि "लिंगरोपण" म्हटलं की लोकांना भलतंच ऑपरेशन वाटतं.

चिमटा

आमच्या ग्रुपवरच्या एका काकांनी पंपाला "हॉर्न" नाव ठेवलंय. घरात पाहुणे असले की काकू विचारतात, "हॉर्न दुरुस्त आहे ना?"

रातकिडा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

शब्दखोर

हॉर्न नको. "कृत्रिम ताठरता-साधन" कसं वाटतं?

ओसरीवरचा

शासकीय परिपत्रकासारखं.

रातकिडा

अवांतरात अवांतर, विमानतळावर वाजतं का हो हे?

पुनश्च_एकदा

तीन भागांचं बहुतेक सिलिकॉन आणि प्लॅस्टिक असतं, माझं आजवर नाही वाजलं. वाकवायच्या प्रकारात धातूची तार असते, त्यांचं माहीत नाही. आणि झडती घेणाऱ्याला पंप हाताला लागला तर काय सांगायचं हा प्रश्न मला सुद्धा पडलेला आहे.

दंतकथा

मी डेंटिस्ट. वर दाताचं नाव आलं म्हणून पुढे आलो, कारण आमच्यावर खापर लवकर फुटतं.

पेशंट येतात आणि म्हणतात इम्प्लांट आहे, दात काढायच्या आधी अँटिबायोटिक द्या. काही ठरावीक हृदयरोगाच्या पेशंटना द्यायचं असतं ते बरोबर. पण इम्प्लांट आहे एवढ्यासाठी प्रत्येकाला प्रत्येक वेळी द्यावं याला आधार नाही. दात तर रोज घासताना सुद्धा रक्तात जंतू सोडतो, त्या हिशोबाने रोज ब्रश करायच्या आधी कॅप्सूल घ्यावी लागेल. उलट ज्याच्या तोंडात पू साठलाय त्याने तो महिनोन् महिने तसाच ठेवणं हे जास्त धोक्याचं. निवांतराव, तुम्ही रूट कॅनाल केलंत ते चांगलंच केलंत. दात किती दिवस दुखत होता त्याआधी?

निवांत_६१

दीड-दोन महिने. लवंग ठेवून काढले.

दंतकथा

बघा! आणि खापर कोणावर.

साखरसम्राट

खरा गुन्हेगार साखर आहे आणि कोणी विचारतच नाहीये. एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) किती आहे? माझ्या सर्जनने ८ च्या खाली आणल्याशिवाय तारीखच दिली नाही, चार महिने ताटकळत ठेवलं.

निवांत_६१

इम्प्लांटच्या वेळी ७.४ होता. आता मागच्या महिन्यात ९.१. बायकोला ९.१ पण सांगितलेलं नाही.

सौ_गप्प

अरे देवा. वहिनींना एक यादीच करून द्या.

मूत्रमार्गस्थ

परत आलो. साखरेवर आमच्यातच दोन तट आहेत. १९९८ च्या एका मोठ्या अभ्यासात एचबीए१सी आणि इन्फेक्शनचा संबंध दिसला नव्हता. नंतर २०१८ मध्ये अनेक केंद्रांचा मिळून एक अभ्यास आला, त्यात ८.५ च्या आसपास रेघ ओढली, वर गेलं की धोका वाढतो. मी स्वतः ८ च्या वर असेल तर थांबतो, पण ते घासाघीस करण्यासारखं आहे, आणि कितीला थांबायचं यावर माझे मित्र माझ्याशी भांडतात. इतर गोष्टींवर मात्र भांडण नाही: सिगरेट, लघवीत इन्फेक्शन असताना ऑपरेशन, आणि सगळ्यात मोठी म्हणजे आधी एकदा उघडलेली जागा परत उघडणं. पहिल्या खेपेला इन्फेक्शन साधारण शंभरात एक ते तीन, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ते चांगलंच वाढतं.

आता काढल्यानंतरचं. पूर्वी एकच रस्ता होता, सगळं काढा, जखम भरू द्या, काही महिन्यांनी परत बघू. पुनश्च यांच्या बाबतीत जे झालं ते त्याचंच उदाहरण, रिकाम्या जागेत व्रण धरून सगळं आक्रसतं. १९९६ मध्ये मल्काही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग मांडला. त्याच ऑपरेशनमध्ये सगळं काढायचं, पोकळी एकामागून एक वेगवेगळ्या द्रावणांनी धुवायची, अँटिबायोटिकचं पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइड, पोव्हिडोन आयोडीन, परत अँटिबायोटिक, मग गाऊन, ग्लोव्ह्ज, चादरी, हत्यारं सगळं बदलायचं आणि नवीन इम्प्लांट तिथल्या तिथे बसवायचं. त्याला आम्ही सॅल्व्हेज म्हणतो. त्यांच्या पेशंटमध्ये दीर्घकाळात ८२ टक्के टिकलं. नंतर २०१६ मध्ये एक सुधारणा आली, धुऊन झाल्यावर पंपवालं न बसवता साधं वाकवायचं बसवायचं, म्हणजे आत नळ्या-पिशवी-पंप असा पसारा राहत नाही आणि जागा आक्रसत नाही. त्यात ९३ टक्के. पुढे हवं तर बदलून पंपवालं करता येतं, पण बहुतेकांनी ते वाकवायचंच ठेवलं.

पण हे सगळ्यांना नाही. पेशंटला सेप्सिस आहे (इन्फेक्शन सगळ्या अंगात भिनलंय), कीटोॲसिडोसिस आहे (साखर बिघडून रक्तात आम्ल साचलंय), उती सडल्यात, तर काढायचं आणि बाहेर पडायचं, तिथे हौस करायची नाही. म्हणजे सॅल्व्हेजची खिडकी उघडी असते ती लवकर येणाऱ्यांसाठी. निवांतराव, तुम्ही आज त्या खिडकीत आहात असं मला वाटतं. कातडीला भोक पडायची वाट बघू नका.

अर्धवट_निर्णय

माझं पुढच्या महिन्यात ठरलंय आणि हा धागा आत्ताच दिसायचा होता. रद्द करू का?

पुनश्च_एकदा

माझं एवढं सगळं होऊन मी परत बसवलं ना? त्यात उत्तर आलं.

मूत्रमार्गस्थ

@ अर्धवट_निर्णय: रद्द कशाला. हे फुगवायचं इम्प्लांट स्कॉट आणि मंडळींनी १९७३ मध्ये मांडलं, तेव्हाच्या आणि आताच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. २००१-०२ च्या सुमारास अँटिबायोटिक लावलेली आणि पाणी धरून ठेवणारा लेप असलेली इम्प्लांटं आली (त्या लेपाला सर्जन हवं ते औषध भिजवून लावतो), तेव्हापासून इन्फेक्शन निम्म्याहून कमी झालं. काही सर्जन कातडीला इम्प्लांटचा स्पर्शच होऊ देत नाहीत, चीर दिल्यावर ग्लोव्ह्ज बदलतात, वरून दुसरा आडपडदा लावून त्यातल्या छोट्या भोकातून काम करतात. २०१२ मध्ये ह्या पद्धतीने अर्ध्या टक्क्याच्या खाली आणून दाखवलं होतं. तुमच्या सर्जनला सरळ विचारा: वर्षाला किती करता, लेप असलेलं वापरता का, इन्फेक्शन झालं तर तुम्ही स्वतः सॅल्व्हेज करता की दुसरीकडे पाठवता. तिसऱ्या प्रश्नाला जो चिडेल त्याच्याकडे करू नका.

एक मात्र आहे. लेपांमुळे स्टॅफ कमी झाले तसे जे उरले त्यात वेगळे जंतू जास्त दिसायला लागलेत, अगदी बुरशीसुद्धा. तेव्हा लेप आहे म्हणून साखर मोकाट सोडायची नाही.

गोळीबंद

तिसरा प्रश्न आवडला.

आजीचा_बटवा

हळद आणि कडुनिंबाच्या पाल्याचा लेप बाहेरून..

संपादक

प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. कृपया पेशंट असलेल्या सदस्याला इथे उपाय सुचवू नयेत.

निवांत_६१

पाच दिवसांनी लिहितोय. बायकोला सांगितलं. दुखणं, ९.१, दोन्ही. पहिला अर्धा तास काय ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, दुसऱ्या अर्ध्या तासात तिने स्वतः सर्जनला फोन लावला.

सर्जननी हात लावताक्षणी मान हलवली. कातडी पातळ झालीय, चिकटलीय, पण फुटलेली नाही. रक्तात सीआरपी थोडंसंच वर. सोनोग्राफीत पंपाभोवती पाण्याची बारीक रेघ. लघवी स्वच्छ. ते म्हणाले गोळ्या बंद, काही दिवस थांबू, साखर इन्सुलिनवर घेऊन खाली आणू आणि मग उघडू. सगळं काढायचं, धुवायचं, आणि आत ठीक दिसलं तर त्याच वेळी वाकवायचं बसवायचं. मूत्रमार्गस्थ यांनी वर लिहिलंय अगदी तेच. मी विचारलं सुद्धा, तुम्ही त्या साइटवर लिहिता का? नाही म्हणाले, पण हसले.

फक्त एक शंका आहे, वाकवायचं म्हणजे कायम तसंच राहणार का? कपड्यातून दिसतं का?

गोळीबंद

तज्ज्ञ हजर! खाली वाकवून ठेवायचं, सैल चड्डीपेक्षा घट्ट बरी. पहिले दोन महिने आपल्यालाच वाटतं की सगळं जग बघतंय. कोणी बघत नाही हो. पंपापेक्षा सोपं, हातांना संधिवात असेल तर अजूनच सोपं. फुगवलेल्यासारखी जाडी येत नाही हे खरं.

सौ_गप्प

आमच्याकडे तेच आहे. निवांत भाऊ, वहिनींच्या त्या अर्ध्या तासाला माझा नमस्कार सांगा.

पुनश्च_एकदा

जा आणि कळवा.

चिमटा

निवांतकाका, पहिल्या प्रतिसादाबद्दल सॉरी. शुभेच्छा.

निवांत_६१

साडेतीन आठवड्यांनी. झालं ऑपरेशन. सव्वादोन तास लागले. सगळे भाग काढले, पोटातली पिशवी सुद्धा, तीच काढायला वेळ गेला म्हणे. पंपाभोवती पू नव्हता, गढूळ पाणी आणि बुळबुळीत पडदा होता. मला फोटो दाखवला. शेवाळाची उपमा एकदम फिट्ट बसली, मी तर ओरडलोच, शेवाळ! नर्स म्हणाल्या काका भूल अजून उतरली नाही वाटतं.

वाकवायचं बसवलंय. सूज भरपूर आहे, दुखतंय पण हे दुखणं वेगळं आहे, रोज थोडं कमी होणारं.

कल्चरचा रिपोर्ट आला. स्टॅफ एपिडर्मिडिस. तोंडातला जंतू कुठलाच नाही. सर्जन म्हणाले हा बहुधा चार वर्षांपासूनच आत असणार, त्या दोन महिन्यांत साखर चढली आणि त्याला मोकळं रान मिळालं असेल, असेल म्हणाले, नक्की नाही म्हणाले. म्हणजे मी ज्या दाताला दोन महिने शिव्या घालत होतो तो निर्दोष.

दंतकथा

लेखी पाहिजे. फ्रेम करून क्लिनिकमध्ये लावतो.

मूत्रमार्गस्थ

छान झालं. गोळ्या सांगितल्यात तितके दिवस पुऱ्या घ्या, हे खास तुम्हाला. आणि पुढचं वर्षभर नवीन दुखणं आलं तर कंबर सांगू नका.

अर्धवट_निर्णय

माझी तारीख कायम ठेवली. तीनही प्रश्न विचारले. तिसऱ्याला चिडले नाहीत, स्वतः करतो म्हणाले आणि आजवर किती केले, त्यातले किती फसले तेही सांगितलं.

साखरसम्राट

निवांतराव, आता साखर किती?

निवांत_६१

उपाशीपोटी १२८. तीन महिन्यांचा आकडा अजून यायचाय. तो आधी बायकोला सांगणार, मग इथे.

शब्दखोर

मग शब्द काय ठरला?